खंडाचे सेहेचाळीस दिवस

मला लिहिता येतं ते एवढंच: विषय, संदर्भ, महोदय. पाणीपुरवठा विभागाच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढली, हाताला तेवढंच वळण लागलं. तेव्हा हे वाचून कुणी म्हणालं की बाई रुक्ष लिहितात, तर खुशाल म्हणू दे. चावीवाल्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्याचे कागद माझ्याइतके दुसऱ्या कुणाच्या हातून गेलेले नाहीत.

आधीच सांगते, त्याला देवमाणूस वगैरे म्हणू नका. माणूस हट्टी होता. चहात साखर कमी पडली की तोंड पाडून बसायचा. दुसऱ्यानं खणलेला खड्डा त्याला जन्मात कधी पसंत पडला नाही. त्याचं खरं नाव मस्टरवर होतं, म्हणजे आमच्या हजेरीपटावर, पण ते मला आणि त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं. बाकी सगळ्यांना तो चावीवाला.

काम असं होतं. टाकीतून निघालेलं पाणी कुठल्या भागाला कधी आणि किती वेळ जायचं, हे रस्त्याखालच्या व्हॉल्व्हवर ठरतं. शहरात असे एकसष्ट. प्रत्येकावर झाकण, झाकणाखाली चेंबर, कुठं गुडघाभर खोल, कुठं पुरुषभर. खांद्याइतकी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून तो दिवसभर हिंडायचा. चावी बसवायची, आटे मोजत फिरवायची, मग तिचं वरचं टोक कानाला लावून खाली पाणी धावतंय का ते ऐकायचं. कुठला साडेसात आट्यांवर थांबवायचा, कुठला उलटा बसवलाय, कुठला अकराव्या आट्याला अडून बसतो आणि एक शिवी हासडल्याशिवाय हलत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात. एकेकाळी नकाशा होता. तो वाळवीनं खाल्ला. नवा करायला निधी नव्हता.

‘निधीअभावी शक्य नाही.’ हे मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही चुकायची नाही. रस्त्याला झाकण हवं, निधीअभावी शक्य नाही. शाळेला नळ हवा, निधीअभावी शक्य नाही. लोक खिडकीशी येऊन भांडायचे आणि मी शहाण्यासारखा चेहरा करून सांगायची, “अहो, पैसा काय झाडाला लागतो का?” लोक गप्प बसायचे. मलाही ते पटायचं. माझ्या घरात महिनाअखेरीला पैसा संपायचा, तसाच सरकारचाही संपत असेल. त्यात न पटण्यासारखं काय होतं?

चावीवाला रोजंदारीवर होता. रोजंदारीचा माणूस सलग सहा महिने राबला, तर मला कायम करा म्हणून मागू शकतो, असा नियम. म्हणून सहा महिने भरत आले की त्याला एक दिवस कामावरून कमी करायचं. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी नवा आदेश, तोच माणूस, तेच काम. या दिवसाला आम्ही ‘खंड’ म्हणायचो. मस्टरच्या रकान्यात तांबड्या शाईनं ‘खंड’ लिहून मी बारीकशी सही ठोकायची. ज्याच्या डोक्यातून ही अक्कल निघाली तो आता भरपूर पेन्शन घेऊन कुठंतरी फुलझाडांना पाणी घालत असेल. मेल्याचं भलं होवो.

खड्डे खणणाऱ्यांचा खंड असला की ते घरी झोपायचे आणि खड्डा एक दिवस वाट बघायचा. पण पाणी थांबत नाही. चावीवाल्याचा पहिला खंड आला तेव्हा तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“बाई, उद्या मी नाही म्हणे.”

“कागद तसंच म्हणतो.”

“मग पाणी?”

मी त्याला साहेबांकडे घेऊन गेले. त्या वेळचे साहेब भारी विनोदी. ते म्हणाले, “अरे, खंड कागदावर आहे. नळाला काय कळतंय?” सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. चावीवाला हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी चावी घेऊन निघाला. सही नाही, मजुरी नाही. तेव्हापासून तो पायंडाच पडला. वर्षातून दोन दिवस तो कामावर नसायचा आणि त्या दोन्ही दिवशी शहराला पाणी यायचं. तो त्यांना ‘माझे फुकटचे दिवस’ म्हणायचा. मी सकाळी तांबडी शाई वापरायची आणि संध्याकाळी घरी जाऊन, त्यानंच सोडलेलं पाणी भरायची. तेवीस वर्षं असंच चाललं.

एकदाच तो खरोखर आला नाही, आणि तो खंडाचा दिवस नव्हता. ताप चढला होता. त्या दिवशी तक्रार वहीत अडतीस तक्रारी पडल्या आणि दोन बायका रिकाम्या बादल्या घेऊन थेट आत शिरल्या. एकीनं बादली माझ्या टेबलावर आपटली. मी तिला म्हटलं, “बाई, माझ्यावर काय डाफरता, चावीवाला आजारी आहे.” ती म्हणाली, “मग दुसरा ठेवा की!” मी म्हटलं, निधी नाही.

आमच्या लेखाधिकाऱ्याला ऑफिसात सगळे माघारी ‘वजाबाकी’ म्हणायचे. काहीही मागा, तो आधी त्यातून काहीतरी वजा करायचा. चहाच्या वेळी मात्र तो आमच्यात येऊन बसायचा, आणि जागा कायम करायचा विषय निघाला की त्याचं एक ठरलेलं प्रवचन असायचं. सरकार म्हणजे मोठं घर. घरात कमाई एवढी, खर्च एवढा. अंथरूण पाहून पाय पसरायचे. मी मान डोलवायची.

एकदा चावीवाला तिथंच बशीत चहा ओतत बसला होता. माझा मुलगा मोजणी आणि नकाशांची पदविका घेऊन काही वर्षं घरीच बसला होता, हे त्याला माहीत होतं. तो मला म्हणाला, “बाई, एक विचारू? शहराला नकाशा हवाय. नकाशा माझ्या डोक्यात आहे. तुमच्या मुलाला तो कागदावर काढता येतो आणि तो घरी रिकामा बसलाय. मग अडलंय कुठं?”

“पैशावर,” वजाबाकी म्हणाला.

“म्हणजे माणूस आहे, काम आहे, आणि मधला कागद नाही.”

“आम्ही काय कागद छापतो का? आम्हाला वरून येतं.”

“आणि वरच्यांना?”

वजाबाकीनं कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, आणि हिशेबात खोटं बोलायचा नाही, हा त्याचा गुण. म्हणाला, “त्यांचं वेगळं असतं. नोट त्यांचीच. ते खर्च मंजूर करतात, बँकेत आकडा पडतो.”

“मग ते घर कसं झालं? माझ्या घरात असा आकडा पडत नाही.”

“अरे, हवा तेवढा आकडा टाकला तर महागाई भडकेल!”

“ते मला नका सांगू,” चावीवाला म्हणाला. “एकसष्टच्या एकसष्ट एकदम उघडले तर जुने पाइप फुटतात, हे माझ्याइतकं कुणाला कळतंय? जपूनच सोडावं लागतं. पण फुटेल म्हणून कुणी बंद ठेवत नाही. आणि टाकी रिकामी असेल तर रिकामी म्हणा, आम्ही गप्प बसू. टाकी भरलेली आहे, चावी तुमच्या हातात आहे आणि तुम्ही म्हणता पाणी संपलं!”

वजाबाकीनं चहा संपवला आणि म्हणाला, “चला, कामं पडलीत.” मी त्या दिवशी चावीवाल्यावर वैतागले. माझ्या मुलाचा विषय चारचौघांत काढायची काय गरज होती? पण रात्री ताट वाढताना मी मुलाकडे नीट बघितलं. एकोणतीस वर्षांचा घोडा. रोज अर्ज करतो, रोज दाढी करतो, आणि दुपारी खिडकीत उभा राहून रस्ता बघतो. शहरात काम नाही असं कोण म्हणेल? कामं तर उघडी पडली होती, गटारांपासून नकाशांपर्यंत. त्यांचा पगार कुणी मंजूर करत नव्हतं, एवढंच.

पुढं एक वर्ष असं आलं की देशातली एक मोठी बँक बुडाली. शुक्रवारी बुडाली आणि सोमवारी सरकारनं तिच्यात पैसा ओतला. किती, ते पेपरात आलं होतं. शून्यं मोजताना माझी बोटं संपली. चावीवाला तो पेपर घेऊन आला आणि त्यानं वजाबाकीच्या टेबलावर ठेवला. वजाबाकी म्हणाला, “ते गरजेचं होतं.” चावीवाला म्हणाला, “असेल की. मी कुठं नाही म्हणतोय.”

मग आले स्वयंचलित व्हॉल्व्ह. त्यासाठी मात्र निधी होता. एका कंपनीला कंत्राट मिळालं: पडद्यावर बोट ठेवायचं की टेकडीवरच्या बंगल्यांचं पाणी सुरू, बोट उचललं की बंद. बंगल्यांना तसंही तीन तास पाणी होतं आणि खालच्या गल्ल्यांना चाळीस मिनिटं. ती वेळ चावीवाल्यानं ठरवलेली नव्हती, वरून लिहून आलेली होती, पण शिव्या गल्लीतल्या लोकांकडून त्यालाच. कंपनीची पोरं लॅपटॉप घेऊन आली आणि त्यांना एकोणीस व्हॉल्व्ह सापडेचनात. शेवटी चावीवाला दोन महिने त्यांच्या पुढं पुढं चालला आणि पायानं माती उकरून झाकणं दाखवत गेला. त्याला मजुरी आमच्याकडून नेहमीचीच. कंपनीनं बिलात मात्र ‘क्षेत्र सल्लागार, एक’ असं लिहून दर महिन्याला जी रक्कम लावली, त्यात असले पाच चावीवाले कायम झाले असते. बिलाच्या मंजुरीचा कागद मीच टाइप केला. पद मंजूर नव्हतं, सल्लागार मंजूर होता. मी चावीवाल्याला म्हटलं, “अभिनंदन, तुम्ही सल्लागार झालात.” तो म्हणाला, “मग आता चहात साखर तरी नीट घाला.” इतकं हसलो आम्ही, की वजाबाकी बाहेर येऊन बघून गेला. हसून झाल्यावर मला फार थकल्यासारखं वाटलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं आणि मी निवृत्त होऊन घरी गेले असते. पण माझे चार महिने उरले असताना परिपत्रक आलं. ज्या रोजंदारी कर्मचाऱ्यांची सलग दहा वर्षं सेवा झाली आहे आणि वय अठ्ठावन्नच्या आत आहे, त्यांना कायम करायचं. कायम म्हणजे पगार, औषधपाणी, आणि काम संपल्यावर मरेपर्यंत पेन्शन. चावीवाल्याचं सत्तावन्न पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. त्याचे गुडघे चेंबरात उतरून उतरून कामातून गेले होते. त्याला मूलबाळ नव्हतं, बायको लोकांचे कपडे शिवायची आणि तिची नजर अधू झाली होती. त्याच्याकडं जे काही येणार होतं ते या एका कागदातूनच.

सलग सेवा कुणाचीच नव्हती, कारण खंड मीच घातलेले होते. पण परिपत्रकाच्या शेवटी एक कलम होतं. खंडाच्या दिवशी कर्मचाऱ्यानं कार्यालयाच्या गरजेपोटी प्रत्यक्ष काम केलं असेल, तर हजेरी ठेवणाऱ्यानं तसं प्रमाणित करावं, तो खंड धरला जाणार नाही. वर बसलेल्याला वाटलं असेल, खंडाच्या दिवशी फुकट काम करणारा येडा कोण असणार? हरकत नाही, घालून ठेवू कलम. असा येडा सबंध विभागात एकच होता.

तो आला तो दुपारी, ऑफिस जरा शांत असताना. परिपत्रकाची प्रत घडी करून खिशात होती. माझ्यासमोर खुर्ची रिकामी होती, पण बसला नाही.

“बाई, वाचलं मी. एवढं लिहून द्या.”

“काय लिहू?”

“की मी होतो. त्या दिवशी. तेवढंच.”

“बघते,” मी म्हटलं.

बघते म्हणजे काय ते सरकारी ऑफिसात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला कळत नाही का? त्याला कळलं असणार. तरी तो “बरं” म्हणाला आणि गेला.

आता माझी बाजू सांगते. तो होता असं लिहिलं, की मस्टर खोटं ठरतं. मस्टरवर सेहेचाळीस वेळा ‘खंड’ लिहिलंय आणि सेहेचाळीस वेळा माझी सही आहे. माहीत असून खोटी हजेरी ठेवली, असं कुणीही म्हणू शकलं असतं. चौकशी लागली की पेन्शन अडकते. आमच्या आधीच्या भांडारपालाची सहा वर्षं अडकली होती, आणि मंजुरीचा कागद आला तेव्हा तो वाचायला भांडारपालच उरला नव्हता. माझा नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. घरात मी आणि खिडकीत उभा राहणारा मुलगा. चूल माझ्या एकटीच्या पगारावर. मला भीती वाटली. साधी भीती. ती मी लपवत नाही.

साहेबांकडे गेले. नवे साहेब, येऊन तीन वर्षं झालेले. म्हटलं, तुम्ही सही करा, तुम्हाला तर ठाऊक आहे. ते म्हणाले, “बाई, माझ्या काळातले खंड सहाच. बाकीचे मी कसे सांगू?” म्हटलं, मग त्या सहांचं तरी लिहा. ते फोनवर बोलायला लागले. फोन वाजलेला मला तरी ऐकू आला नव्हता.

वजाबाकीकडे गेले. त्यानं दार लोटून घेतलं आणि पहिल्यांदाच आपुलकीनं बोलला. “बाई, चार महिने राहिलेत. सुखानं घरी जा. कशाला नसतं झेंगट गळ्यात घेता?”

“आणि तो?”

“त्याचं वाईटच झालंय. पण ती व्यवस्था आहे, तुम्ही थोडीच केलीय?”

मला ते ऐकून बरं वाटलं. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते, की बरं वाटलं. व्यवस्था म्हणजे काय आकाशातून पडलेली धोंड होती? तांबडी शाई माझ्या ड्रॉवरात होती.

तरी मन खात राहिलं. अर्ज पाठवायच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मी तक्रार वह्या काढल्या. तेवीस वर्षांच्या वह्या, धुळीनं शिंका येऊन येऊन जीव गेला. सेहेचाळीस तारखा मस्टरवरून उतरवल्या आणि एकेक पान बघितलं. ज्या दिवशी तक्रार नसते त्या दिवशी ‘निरंक’ लिहितात. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पानांवर निरंक. एकाही दिवशी एकाही घरातून पाणी आलं नाही अशी तक्रार नव्हती. खालच्या गल्ल्यांतूनसुद्धा नाही. मी तिथं वह्यांच्या ढिगात बसून रडले. मग डोळे पुसले आणि डोकं चालवलं. आयुष्यभर जे केलं तेच केलं. मला वाटलं, असं वाक्य लिहिता येईल की त्याचंही काम होईल आणि माझ्याही अंगाला काही लागणार नाही. अशा वाक्यांत माझा हात धरणारं विभागात दुसरं कुणी नव्हतं.

मी लिहिलं: ‘तक्रार वहीवरून असे दिसून येते की, उपरोक्त सेहेचाळीस दिवशी पाणीपुरवठा सुरळीत झाला. सदर दिवशी व्हॉल्व्ह कोणी उघडले, याची नोंद कार्यालयात उपलब्ध नाही.’

खोटं एक अक्षर नव्हतं. दोनदा वाचलं, मनात म्हटलं, शहाण्याला इशारा पुरे, वरचा माणूस समजून घेईल. पाणी काय आपोआप येतं? पानांच्या प्रती जोडल्या, तारखांची यादी जोडली, पाकीट जावक शाखेत दिलं. चावीवाल्याला सांगितलं, “पाठवलंय हो तुमचं.” त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं मी काहीतरी मोठंच केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोनं शिवलेली एक कापडी पिशवी आणून दिली. म्हणाला, “तिनं पाठवलीय, डब्यासाठी.” मी घेतली. घ्यायला नको होती.

उत्तर यायला अडीच महिने लागले. त्याच आठवड्यात सोमवारी माझ्या पेन्शनचा आदेश आला होता. ‘सेवा अखंड व निष्कलंक’ असं त्यात छापलेलं होतं. आसपासच्या टेबलांवरच्या सगळ्यांनी अभिनंदन केलं. गुरुवारी चावीवाल्याचं पत्र आलं. त्याच्या नावाचं होतं, पण आवकमधून माझ्याकडेच येणार. फोडलं.

वरच्या माणसानं माझा कागद अगदी नीट वाचला होता. शेरा असा: ‘अर्जदार अनुपस्थित असताना सेहेचाळीस दिवशी शहराचा पाणीपुरवठा सुरळीत झाल्याचे कार्यालयाच्याच नोंदीवरून स्पष्ट होते. सबब अर्जदाराचे काम अत्यावश्यक स्वरूपाचे असल्याचे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर. स्वयंचलित यंत्रणा कार्यान्वित झाल्याने पुढील महिन्यापासून त्यांना नवा आदेश देऊ नये.’

मी ते वजाबाकीला दाखवलं. त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “बाई, वाक्य तुमचंच आहे.”

चावीवाला दुपारी आला. पत्र हातात दिलं तेव्हा या वेळी तो खुर्चीवर बसला. हळू वाचायचा तो, बोट फिरवत. खालपर्यंत गेला, परत वर आला. पत्राला माझ्या कागदाची प्रत जोडलेली होती, तीही वाचली. मी पेन उघडत होते, बंद करत होते.

“बाई,” तो म्हणाला, “मग त्या दिवशी पाणी सोडलं कुणी?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

“मग तेवढंच लिहायचं होतं की.”

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मग मी सगळं सांगून टाकलं. मस्टरच्या सह्या, भांडारपालाची सहा वर्षं, घरचा मुलगा, चौकशी. बोलता बोलता रडायला लागले, आणि पलीकडच्या टेबलांवरची माणसं कागदात तोंड घालून बसली. म्हटलं, “मी घाबरले हो. माझंच चुकलं. मला माफ करा.” त्यानं ऐकून घेतलं. पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“भीती वाटतेच, बाई,” तो म्हणाला. “मला नाही का वाटायची? खंडाच्या दिवशी चेंबरात उतरायचो तेव्हा वाटायचं, आत वायू असला, पाय घसरला, काही झालं, तर हे लोक म्हणणार, हा माणूस आज कामावर नव्हताच. म्हणून त्या दिवशी मी बायकोला सांगून निघायचो, कुठल्या चेंबरापासून कुठल्या चेंबरापर्यंत जाणार ते. तुम्ही मस्टरवर खंड लिहायचात ना, त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत दारातच बसून असायची.”